कातळावरचे खवले

आमच्या सड्याचा सातबारा काढला तर क्षेत्राच्या रकान्यात बहुतेक जमीन 'पोटखराब, वर्ग अ' म्हणून लागलेली दिसते. लागवडीला अयोग्य. तिला आकारणी नाही, आणि पिकांच्या नोंदीत तिच्यापुढे काही लिहायचा प्रश्नच येत नाही. देवगड तालुक्यात खाडीकाठची भातशेती आणि माडापोफळीची आगरं मागे टाकून घाटी चढून वर आलं की हा सपाट, काळपट जांभ्याचा कातळ लागतो, तो नजर पोचेल तिथपर्यंत. आजोबांनी तो विकत घेतला नव्हता, वाटणीत आला. वाटणीत जे कुणालाच नको असतं ते सगळ्यांच्या नावावर राहतं, तसा तो आम्हा चुलतभावंडांच्या नावावर राहिला. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशातही अशा उघड्या खडकाळ जमिनीला स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे तलाठ्यापासून उपग्रहापर्यंत सगळ्यांचं या बाबतीत एकमत आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि सड्यावर जाते ती शैवाकं बघायला. शैवाक म्हणजे एक बुरशी आणि तिच्या आश्रयाला (की कैदेत, हा वाद अजून घालता येतो) राहिलेलं हिरवं शैवाल किंवा नीलहरित जीवाणू, यांचं मिळून झालेलं एक शरीर. सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकाच्या अखेरीस हे मांडलं, तेव्हा त्या काळच्या बड्या शैवाक-अभ्यासकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूलही शैवाकच, पण बाजारात येणारा माल बहुतेक हिमालयातल्या आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या झाडांच्या साली खरवडून आलेला असतो. कोकणच्या कातळाचा त्याच्याशी संबंध मसाल्यापुरताच. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे ते खाण्याजोगं नाही, आणि उभ्याने बघितलं तर दिसण्याजोगंही नाही.

त्यासाठी कातळावर पालथं पडावं लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड भिंगाजवळ येत नाही म्हणून आपणच दगडाजवळ जायचं. आधी नुसता काळा खरबरीत पृष्ठभाग दिसतो. मग कळतं की हा काळेपणा दगडाचा नव्हेच. जांभा आतून तांबडा-पिवळा असतो, ताजा चिरा बघितलेल्या कुणालाही ते माहीत आहे. वरची काळी कळा बऱ्याच अंशी नीलहरित जीवाणूंची आणि त्यांना पोटात घेतलेल्या शैवाकांची. उन्हापासून बचाव म्हणून हे जीवाणू आपल्या आवरणात एक पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य साठवतात; त्यांचे थरावर थर साचले की कातळ काळा होतो. कोकणचा 'काळा सडा' हा असा जिवंत रंग आहे.

या काळ्या कातळात, जिथून पावसाळ्यात पाणी झिरपून वाहतं अशा उतरत्या पट्ट्यांवर, पेल्टुला भेटतो. पेल्टुला ही नीलहरित जीवाणू बाळगणारी खडकावरची शैवाकं. त्यातली पेल्टुला युप्लोका ही जात मला सगळ्यात जास्त आवडते. छोटे छोटे खवले, दोन-चार मिलिमीटरपासून फार तर सेंटिमीटरभर. रंग ऑलिव्हच्या फळासारखा मातकट हिरवा ते तपकिरी. प्रत्येक खवला दगडाला फक्त मधोमध एका जाड तंतूने धरलेला असतो, बाकी कडा मोकळ्या. शर्टाचं बटण मधल्या दोऱ्यावर टिकावं तसा. सुईचं टोक कडेखाली सरकवलं तर ते आत जातं आणि मधल्या तंतूला जाऊन अडतं. कडेवर काळसर भुकटीची बारीक किनार असते. त्या भुकटीच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि जीवाणूच्या पेशी दोन्ही असतात, म्हणजे कण वाहून जिथे अडकेल तिथे पुढचा खवला तयार व्हायला दुसऱ्या कुणाची वाट बघायला नको.

मे महिन्यात हा खवला कोरडा, कडक, कडा आत वळलेल्या, आणि मेलेला वाटावा असा असतो. बाटलीतलं पाणी चार थेंब टाकलं की काही मिनिटांत कडा उलगडतात आणि तपकिरीतून हिरवेपणा वर येतो. मुलांना सड्यावर नेलं की मी हे आधी दाखवते, कारण त्यानंतर कुणी कातळावर बेफिकीर पाय टाकत नाही. निदान अर्धा तास तरी.

यातली खरी गंमत मात्र पाण्याच्या प्रकारात आहे. शेजारीच दगडाला घट्ट चिकटलेले राखाडी, पांढुरके गोल पट्टे असतात. त्यांच्या पोटात हिरवं शैवाल असतं. हिरव्या शैवालाचं शैवाक नुसत्या दमट हवेवर जागं होऊ शकतं, पाण्याचा थेंबही लागत नाही. नीलहरित जीवाणू असलेल्याला ते जमत नाही. त्याला प्रत्यक्ष ओलं पाणी लागतं, दव किंवा पाऊस. जर्मनीतल्या ओट्टो लांगे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी हे नीट दाखवून दिलं. आता हे कोकणात आणून बघा. मे महिन्यात आपण घामाने निथळत असतो, कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत पाणी धरतं. त्या दमटपणावर पहाटेच्या गारव्यात राखाडी पट्टे आपलं थोडंफार काम उरकून घेत असणार. पेल्टुला मात्र मिरगाची वाट बघत पडलेला. आणि मिरग लागून कातळावरून पाण्याचा पाट वाहायला लागला की उलटी पंचाईत: अंगावर पाण्याचा थर साचला की कार्बन डायऑक्साइड आत शिरायला वेळ लागतो आणि प्रकाशसंश्लेषण मंदावतं. म्हणजे त्याचे खरे कमाईचे दिवस आगोटीच्या आणि गणपतीनंतरच्या उघडझापीचे. वर्षातला बाकीचा काळ तो फक्त टिकून असतो. हे टिकणं मात्र भलतंच दांडगं. 2005 साली दुसऱ्या दोन खडकावरच्या शैवाकांना रशियन यानातून अंतराळात पाठवून जवळजवळ पंधरा दिवस उघडं ठेवलं होतं; परत आल्यावर पाणी मिळताच ती कामाला लागली.

"ता खातत काय?" हा आतेचा प्रश्न. मी पालथी पडलेली होते आणि ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन जाता जाता थांबली होती. नाही म्हटल्यावर, "औषधाक?" तेही नाही. "मग कित्याक व्हया?" आतेला खोटं उत्तर चालत नाही आणि लांब उत्तरही चालत नाही, म्हणून मी म्हटलं की कुठे कुठे आहे ते बघून ठेवते आहे. ते तिला पटलं. गुरं कुठे कुठे आहेत ते बघून ठेवण्यात तिचा जन्म गेलेला.

कुठे कुठे आहे? पेल्टुला युप्लोका जवळजवळ जगभर आहे. भूमध्य समुद्राभोवती, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, उत्तर अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटांत, आणि भारतात. उबदार हवा, उघडा खडक आणि अधूनमधून वरून ओघळणारं पाणी एवढं मिळालं की तो बसतो. असं वाचलं की वाटतं, मग काळजी कसली? नकाशाचं हेच तर आहे. जगाच्या नकाशावर ठिपके दाट दिसले म्हणून आपल्या तालुक्यात काय चाललंय ते कळत नाही. आणि ठिपके शैवाक जिथे आहे तिथे पडत नाहीत, माणूस जिथे वाकला तिथे पडतात.

महाराष्ट्रात हे वाकण्याचं काम मुख्यतः पुण्यातून झालं. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं शैवाकांचा जो अभ्यास केला तो देशात नावाजलेला आहे. तिथल्या आजरेकर कवक संग्रहालयात नमुने पाकिटांत घालून ठेवलेले असतात. पण त्या अभ्यासाचा मोठा भाग झाडांच्या सालीवरच्या शैवाकांवर आहे, आणि ते साहजिकही आहे. घाटातल्या जंगलात साल सुरीने काढता येते. खडकावरचं चिकटून बसलेलं शैवाक काढायला छिन्नी आणि हातोडी लागते, आणि ते एकटं येत नाही, खाली दगडाची कपची घेऊन येतं. दिवसभर फिरून पिशवी दगडांनी भरली की माणूस परतीच्या रस्त्याने ती एसटीपर्यंत वाहतो, आणि दुसऱ्या वेळी जरा रस्त्याजवळच्याच कातळाकडे बघतो. मीही बघते. म्हणून आमच्याकडच्या नोंदी नकाशावर मांडल्या तर पेल्टुलाचं ठाऊक नाही, पण एसटीचे थांबे बरोबर कळतील.

पाकिटात गेलेल्या कपचीचं काय होतं, तेही सांगण्यासारखं आहे. ओळख पटवताना खवल्याचा उभा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि अनेक जातींसाठी काही थेंबांच्या चाचण्या करतात: कॉस्टिक पोटॅशचा एक थेंब, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक. समुद्रालगतच्या झाडांवर आणि खडकांवर रोसेला मॉन्टाग्नेई नावाचं राखाडी, चपट्या फितींचे झुबके लोंबणारं शैवाक भारताच्या किनाऱ्यावर मिळतं. त्यावर ब्लीचिंगचा थेंब पडला की लाल रंग उमटतो आणि लगेच ओसरायला लागतो. याच रोसेलाच्या भाऊबंदांपासून शाळेतला लिटमस आला. जांभळा रंग काढण्यासाठी ही शैवाकं एकेकाळी किनाऱ्याकिनाऱ्यांवरून बोटींतून युरोपात जात. 1856 मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कारखान्यात करता येणारा जांभळा रंग सापडला आणि पुढे तो व्यापार ओसरत गेला, हे शैवाकांचं नशीबच म्हणायचं. पेल्टुलाला असा काही भाव कधीच नव्हता. पोत्यातून विकावं असं त्याच्यात काही नाही, त्यामुळे त्याच्यावरचं संकट त्याच्यासाठी आलेलंच नसतं, ते त्याच्या खालच्या दगडासाठी आलेलं असतं.

जांभा हा तसा मजेदार दगड. मलबारात अंगाडीपुरमला लोक तो खणून, कापून विटांसारखा वापरतात असं फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलं, आणि त्यावरून त्याला लॅटेराइट हे शास्त्रीय नाव मिळालं (लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट). जमिनीत असतो तोवर मऊ, हवा लागली की टणक. म्हणून चिरा. आमच्या भागातलं प्रत्येक घर, देऊळ, विहीर आणि गडगा त्याच्यातून उभा राहिलेला आहे, त्यामुळे चिरेखाण या प्रकाराला नाकं मुरडण्याचा मला काही अधिकार नाही. माझं बालपण चिऱ्याच्या भिंतींत गेलं. पण पूर्वीची खाण म्हणजे चार माणसं आणि पहारी. आता गोल पात्याचं मशीन कातळावरून सरळ रेषेत पळतं, उभे-आडवे काप घेतं, आणि वरचा काळा थर आधी खरवडून बाजूला टाकला जातो, कारण तो चिऱ्याला चालत नाही. सगळं आयुष्य त्या टाकलेल्या थरातच असतं. शिवाय तांबडी धूळ. वाऱ्याच्या बाजूला बऱ्याच अंतरापर्यंत कातळ लाल पिठात बुडतो, आणि दगडाला चिकटलेल्या जिवाला झटकायला हात नसतात.

आमच्या सड्याचा एक कोपरा चुलतभावाने खाणीला दिला. सह्या सगळ्यांच्या होत्या, माझीही. तो कोपरा त्याच्या घराच्या बाजूचा, मुलाच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा, आणि सातबाऱ्यावर पोटखराब. मी जरा कुरकुर केली तेव्हा तो चहा ओतता ओतता हसून म्हणाला, "ताय, दगडाच्या बुरशेसाठी खाण थांबवतलंस?" त्याच्यापाशी हिशेब होता: ब्रासचा दर, रॉयल्टी, ट्रकच्या फेऱ्या. माझ्यापाशी काय होतं? कायद्यात बघावं तर 1991 साली वन्यजीव कायद्याला वनस्पतींचं जे परिशिष्ट जोडलं, त्यात तेव्हा अख्ख्या देशातल्या मिळून सहा वनस्पती होत्या, आणि त्यात एकही शैवाक नव्हतं.

मग जागतिक पातळीवरची लाल यादी, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे त्याची नोंद. तिथली परिस्थिती कळावी म्हणून एक आकडा सांगते. 2025 च्या मार्चमध्ये आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची ही आंतरराष्ट्रीय संघटना ती यादी ठेवते) जाहीर केलं की यादीतल्या कवकांची, म्हणजे बुरशींची, संख्या आता 1,300 झाली, आणि त्यातली किमान 411 धोक्यात आहेत. या 1,300 मध्ये भूछत्रं आली, शैवाकंही आली. एकट्या शैवाकांच्याच ज्ञात जाती जगात वीस हजारांच्या आसपास आहेत. बाकीच्या सगळ्या 'मूल्यमापन न झालेल्या'. सातबाऱ्यात पोटखराबापुढे पिकाचा रकाना रिकामा आणि इकडे जातीपुढे धोक्याचा. दोन्हीकडे शून्य लिहिलेलं नाही, रकाना भरलेलाच नाही. पण सहीच्या टेबलावर दोन्हींचा अर्थ शून्य असाच घेतला जातो, आणि माझी तक्रार असलीच तर तिथे आहे.

रकाना भरायचा झाला तरी तो सोपा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. लाल यादीचे निकष वाघ-गेंड्यांना डोळ्यांपुढे ठेवून घडले असावेत असं मला नेहमी वाटतं. किती प्रौढ प्राणी उरले? कातळावर एकमेकांना खेटून बसलेले शेकडो खवले, सगळे कदाचित एकाच कणापासून वाढलेले. हे एक की शेकडो? त्यावर शैवाकवाल्यांनी व्यवहारी तोड काढली: ज्या झाडावर किंवा खडकावर वस्ती आहे ते झाड किंवा तो खडक म्हणजे एक व्यक्ती धरायची. ठीक. पण सडा हा एकच खडक आहे, आणि तो कुणकेश्वराच्या बाजूने सुरू होऊन कुठे संपतो ते खाड्यांनाच माहीत. पुढचा निकष व्यापलेल्या क्षेत्राचा. ते मोजायला नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन टाकतात. चौकोनात एक जरी खवला सापडला तरी चारही चौरस किलोमीटर व्यापलेले धरले जातात. खाणीने चौकोनाचा पाऊण भाग खाल्ला आणि एका कोपऱ्यात, ओहोळाच्या काठी एक खवला उरला, तरी कागदावर काही कमी झालेलं नाही. तिसरा निकष तीन पिढ्यांतल्या घटीचा. खवल्याची पिढी किती वर्षांची?

हे सगळं जिथे कुणीतरी बसून केलं तिथे काय होतं, त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. अपालाचियन पर्वताच्या दक्षिण भागात, उंचावरच्या धुक्यातल्या कड्यांवर आणि खोल दऱ्यांतल्या ओल्या खडकांवर रॉक नोम लायकेन नावाचं निळसर-राखाडी, बारीक फितींचं शैवाक वाढतं. 1995 साली ते तिथल्या संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत घातलं गेलं. त्याच्या आधी 1993 मध्ये फ्लोरिडातल्या वाळूवरच्या क्लॅडोनिया या एका शैवाकाचा नंबर लागला होता. नोमवर आलेल्या संकटांची यादी मी वर्गात नेहमी वाचून दाखवते, कारण ती ऐकून मुलं चक्रावतात. गिर्यारोहकांचे आणि पर्यटकांचे पाय, हे समजतं. दुसरं कारण युरोपातून आलेला एक पांढरा किडा. त्याने कड्यांभोवतीची फ्रेझर फर मारली, झाडं गेली, सावली गेली, ऊन थेट खडकावर आलं आणि ओल सुकली. म्हणजे झाडावरच्या किड्याने दगडावरचं शैवाक मारलं. तिसरं कारण नमुने गोळा करणारे. मी आणि माझी छिन्नी, असं म्हणा. आता मी शक्यतो फोटो आणि ठिकाणाची अचूक नोंद यांवर भागवते, कपची घ्यायचीच झाली तर जिथे वस्ती भरगच्च आहे तिथूनच.

पण नोमच्या बाबतीत कुणीतरी कडे मोजले होते, खडकागणिक वस्तीचे तुकडे मोजले होते, आणि काही वर्षांनी जाऊन पुन्हा मोजले होते. दुर्मिळ आहे हे त्याशिवाय सिद्धच झालं नसतं. पेल्टुला संकटात आहे असं मी म्हणत नाही. बहुधा नसावाही. सड्याची त्याची वस्ती मात्र एकेका कोपऱ्याने जाते आहे, आणि त्याच्या शेजारचे ते राखाडी पट्टे, ज्यांतल्या कित्येकांना मला अजून नावानिशी हाक मारता येत नाही, त्यांच्यातलं कोण फक्त याच किनाऱ्याचं आहे ते कपची न काढता सांगणं अवघड. सड्यावरच्या फुलांच्या बाबतीत हे झालं आहे. कोकण दीपकाडीसारखा कंद इथल्या जांभ्याच्या कातळाबाहेर सापडत नाही हे आता माणसांना माहीत आहे, ऐन पावसाळ्यात लोक कॅमेरे घेऊन येतात. फुलाचं बरं असतं.

खाणीपेक्षाही मला कलमांची भीती जास्त वाटते, आणि हे देवगडात बोलायची सोय नाही. हापूसवर आमची घरं चालतात. कातळात सुरुंग लावून खड्डा, खड्ड्यात खालून ट्रकने आणलेली माती, मातीत कलम. अशी ओळीने शेकडो. खाण निदान एका चौकटीत राहते, बाग सडाभर पसरते. दोन कलमांमधला कातळ तसाच राहतो हे खरं, पण मोहोराच्या दिवसांत भुरीवर गंधकाची आणि दुसऱ्या बुरशीनाशकांची फवारणी चालते, आणि फवाऱ्याला भुरी आणि शैवाक यांतला भेद करता येत नाही. गंधकाशी शैवाकांचं जुनं वाकडं आहे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत झाडांवर शैवाकं टिकून आहेत, शहरात इतरत्र ती दिसत नाहीत, असं विल्यम नायलँडर या शैवाक-अभ्यासकाने 1866 मध्येच लिहून ठेवलं, आणि पुढे कोळशाच्या धुरातला गंधक शैवाकांवरून ओळखायची रीत पडली. उन्हाळ्यात गवतासाठी सडे पेटवतात तो वणवा वेगळाच.

कातळशिल्पांमुळे सड्याला जरा किंमत आली. 2022 साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती बघायला माणसं लांबून येतात, अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद अशी ती आकृती, आणि बघून गप्प होतात. पण तिथे शैवाकाची गाठ दुसऱ्याच माणसांशी पडते. पुरातत्त्ववाल्यांच्या लेखी शैवाक म्हणजे दगड खाणारा. त्यात तथ्य आहे: ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्यं आणि बुरशीचे तंतू दगडाचा पृष्ठभाग हळूहळू पोखरतात. दुसरी बाजू अशी की काही दगडांवर शैवाकाचा थर पावसाच्या आणि उन्हाच्या माऱ्यापासून कवच होतो, आणि तो खरवडला की झीज वाढते. कुठे काय खरं ते दगडागणिक ठरतं. माझं मत विचाराल तर चित्राच्या खोबणीत शैवाक राहिलं तर राहू द्यावं, निदान तारेचा ब्रश तरी लावू नये. पण हे मत हत्तीच्या बाजूने नाही, शैवाकाच्या बाजूने आहे, हे मान्य.

गडग्यांकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही. चिरे किंवा फोडलेले दगड एकावर एक रचून केलेले हे कुंपण, आणि जुन्या गडग्याच्या वरच्या थरावर शैवाकं अशी बसलेली असतात की दगड दिसत नाही. सड्यावरून गेलेला चिरा गडग्यात आला आणि त्यावर पुन्हा वस्ती झाली, तर नुकसान भरून निघालं का? थोडंफार. राखाडी पट्टे गडग्यावर मजेत वाढतात, पोफळीच्या खोडावर काळ्या रेघोट्या काढणारे ग्राफिस आणि माडाच्या खोडावरचे पांढुरके डिरिनारिया हेही आगरात सुखात आहेत (लोक त्यांना रोग समजून चुना फासतात, ते सोडा). पण पेल्टुलाचे खवले मला गडग्यावर भेटलेले नाहीत. त्याला वरून ओघळत येणारं पाणी लागतं, आणि गडग्याच्या वर आभाळच.

मग बंद पडलेल्या खाणी बघायला लागले. मशीन हललं की मागे सरळ कापलेल्या भिंती राहतात, खाली पावसाळ्यात पाणी साचतं, आणि वरच्या कातळावरून आलेलं पाणी भिंतीवरून उतरतं. पेल्टुलाला हवी तशी जागा. अशा एका जुन्या खाणीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, पाण्याच्या काळ्या पट्ट्यात, भिंगाखाली मला त्याचे खवले मिळाले. बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे, पण मधोमध धरलेले आणि कडेला किनार.

म्हणजे इथे मोजता येईल. युरोपात रोलांड बेशेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमाराला ही रीत बसवली: दगड कधी उघडा पडला ते ठाऊक असेल तर त्यावरच्या सर्वांत मोठ्या शैवाकाचा व्यास मोजून वाढीचा वेग काढायचा, आणि मग त्या वेगावरून जिथलं साल माहीत नाही तिथलं काढायचं. पेल्टुलाचे खवले गोल पसरत जात नाहीत, त्यामुळे त्याला ही रीत सरळ लागू पडत नाही, पण भिंतीवरचे राखाडी गोल पट्टे तर आहेत. आणि पेल्टुलाचं निदान एवढं कळेल की उघड्या पडलेल्या दगडावर यायला त्याला किती वर्षं लागतात आणि तो भिंतीचा किती भाग धरतो. पिढी किती वर्षांची, या प्रश्नाला हात घालायला एवढं तरी पाहिजे. त्यासाठी दर खाणीचं बंद पडल्याचं साल हवं.

रॉयल्टीचे कागद सापडणं कठीण, मालक बदललेले, म्हणून तोंडी विचारायला सुरुवात केली. त्या खाणीबद्दल टपरीवर एकाने सांगितलं, कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा ती चालूच होती, म्हणजे 1998 नंतर बंद पडलेली. दुसरा म्हणाला, छे, रेल्वे आली तेव्हा तिथे बैल पडला होता खड्ड्यात, मशीन कधीच गेलं होतं. तिसऱ्याने दोघांनाही खोडून काढलं आणि कुणाच्या तरी सरपंचकीवर गाडी नेली. शेवटी आतेला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्सा. आचाऱ्याच्या चुलीक चिरे खयसून हाडूचे म्हणान तुझो बापूस कावलेलो."

वहीत तेच साल धरलं आहे, समोर 'तोंडी' असं लिहून.